खलपुरुष बोलतो कसा?

श्रोतेहो, कामगारांच्या सभेत बोलणाऱ्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत येऊन नाटकावर बोलावे, हे पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. आमचे शाळेतील शिक्षण फारसे झालेले नाही. जे काही वाचले ते कापसाचा हंगाम संपल्यावर, जिनांचे पट्टे थांबल्यावर, उन्हाळ्याच्या रिकाम्या दुपारी नगर वाचनालयाच्या बाकावर बसून वाचले. त्यात नाटके अधिक. कारण नाटकाचे पुस्तक पातळ असते आणि वाचनालय बंद होण्याच्या आत ते संपते. परंतु हा विषय आम्ही घेतला तो वाङ्मयाच्या आवडीपेक्षा धंद्याच्या गरजेने. आमचा धंदाच मुळी बोलण्याचा. गेटवर उभे राहून बोलावयाचे, मालकासमोर बसून बोलावयाचे, कामगार आयुक्तांच्या कचेरीत बोलावयाचे. ज्याची भाकरी जिभेवर आहे त्याने, जिभेने माणसाचे वाटोळे कसे करता येते, हे एकदा नीट पाहून ठेवलेले बरे. आणि ते पाहावयास रंगभूमीसारखी सोयीची जागा दुसरी नाही.

सोयीची अशासाठी की, नाटकातला खलपुरुष आपला बेत आपल्याला सांगून टाकतो. तो पुढे येतो, बाकीची पात्रे निघून गेलेली असतात, आणि स्वगतात तो स्वच्छ सांगतो की अमक्याला मी असे फसवणार. मग तो फसवावयास लागला म्हणजे आपण त्याचा एकेक शब्द उलगडून पाहू शकतो. जगात ही सोय नाही. जिनाच्या फाटकावर कोणी स्वगत म्हणत नाही.

शिवाय आपल्या वऱ्हाडात रंगमंच आणि व्यासपीठ ही कधी फार दूर नव्हती. अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात १३ नोव्हेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली आणि अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न तेथे लोकांसमोर बोलला गेला. 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' व 'रणदुंदुभी' ही नाटके लिहिणारे अमरावतीचे वीर वामनराव जोशी स्वातंत्र्याच्या लढ्यातले कार्यकर्ते होते. एकाच माणसाने सभाही गाजवावी आणि नाटकही लिहावे, हे येथल्या लोकांना नवे नाही. म्हणून एका कामगार कार्यकर्त्याने नाटकात डोकावले तर आपण क्षमा कराल.

आता मूळ विषयाकडे वळू. खलपुरुष म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे भल्या मोठ्या मिशा, लाल डोळे आणि गडगडाटी हास्य उभे राहते. हा जुन्या कंपन्यांनी करून ठेवलेला घोटाळा आहे. असा माणूस गल्लीत शिरला तर पोरेसुद्धा दार लावून घेतील. तो कोणाला काय फसवणार? निळू फुल्यांनी हे बरोबर ओळखले होते. त्यांचा खलनायक ओरडत नसे. तो हळू, रेंगाळत, जवळजवळ लाडाने बोलत असे, आणि म्हणूनच खेड्यापाड्यांतल्या बाया त्यांच्या नावाने खरोखर बोटे मोडीत. माणूस मात्र सेवादलातला आणि अत्यंत सौम्य.

मराठी रंगभूमीवर बोलण्याने घात करणाऱ्या पुरुषाचा पहिला मोठा नमुना आला तो शेक्सपिअरकडून. महादेवशास्त्री कोल्हटकरांचा 'ऑथेल्लो' १८६७ साली प्रसिद्ध झाला; शेक्सपिअरच्या मराठी भाषांतरांतले हे अगदी आरंभीचे पुस्तक. पुढे गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० साली त्याचाच 'झुंझारराव' केला. ऑथेल्लोचा झुंझारराव झाला, डेस्डेमोनाची कमळजा झाली आणि आयागोचा जाधवराव झाला. शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशांनी झुंझाररावाची भूमिका गाजविली. आम्ही येथे मूळ नाटकातली नावेच वापरू, म्हणजे ज्यांनी कोणतेही भाषांतर वाचले असेल त्यांना अडचण पडणार नाही.

कथा सर्वांना ठाऊक आहे. ऑथेल्लो हा व्हेनिसच्या फौजेचा मोठा सेनापती, परंतु परका, काळा, मूर. त्याने व्हेनिसच्या एका सरदाराच्या मुलीशी, डेस्डेमोनाशी, बापाला न विचारता लग्न केले आहे. आयागो हा त्याच्या हाताखालचा अधिकारी. बढती आपल्याला मिळावी असे त्याला वाटत होते. ती कॅसिओ नावाच्या तरुणाला मिळाली. झाले, एवढ्यावर सगळा डाव उभा राहतो. बढतीवरून माणूस काय करील याचे आश्चर्य ज्यांनी कारखान्यात दिवस काढले आहेत त्यांना वाटणार नाही.

तिसऱ्या अंकातला तो प्रसिद्ध प्रवेश पाहा. आयागो एकदाही म्हणत नाही की तुझी बायको वाईट आहे. कॅसिओ डेस्डेमोनाशी बोलून निघून जाताना दिसतो, तेव्हा आयागो स्वतःशीच पुटपुटल्यासारखा म्हणतो की हे काही मला आवडले नाही. काय आवडले नाही, असे सेनापती विचारतो. तो म्हणतो, काही नाही. थोड्या वेळाने तोच विचारतो, आपल्या लग्नाच्या आधी कॅसिओला ही गोष्ट माहीत होती काय? होती, का बरे? अहो, सहज विचारले. कॅसिओ प्रामाणिक नाही काय, असे सेनापती विचारतो. आयागो तोच शब्द प्रश्नासारखा उलटून परत देतो. तुला काय वाटते? पुन्हा तोच शब्द परत. आपल्या संस्कृत साहित्यशास्त्रात याला काकू म्हणतात. शब्द तोच, सूर बदलला की अर्थ उलटा. शास्त्रकारांनी तो काव्याचा एक प्रकार म्हणून सांगितला. आयागोने त्याचा फास केला.

यातली खुबी अशी की संशयाची वाक्ये तो स्वतः उच्चारीतच नाही. तो जागा रिकाम्या ठेवतो आणि त्या ऑथेल्लो भरतो. दुसऱ्याने सांगितलेले आपण पारखून घेतो. आपणच काढलेला निष्कर्ष आपण सहसा पारखीत नाही, तो आपल्याला आपल्या बुद्धीचे फळ वाटतो. मग आयागो त्याला बजावतो, सेनापती, मत्सरापासून सावध राहा. ज्याच्या मनात मत्सर अजून पुरता आलेलाही नाही त्याला हा इशारा! घरात शिरून 'चोरांपासून सांभाळा' म्हणावे आणि तेवढ्यात तिजोरी कोठे आहे हे पाहून ठेवावे, तशातली गत.

आणि तो खोटेच बोलतो असेही नाही. डेस्डेमोनाने बापाला फसवून लग्न केले, ही गोष्ट खरी आहे. तुम्ही परके आहात, आमच्या देशातल्या बायकांची रीत मला माहीत, तुम्हाला नाही, हेही वरवर खरे वाटते. खरे मणी घ्यावयाचे आणि दोरा मात्र आपल्या पदरचा ओवावयाचा. ऑथेल्लोसारख्या शूर पुरुषाचे दुखणे नेमके कोठे आहे हे त्याने हेरले आहे. इतकी वर्षे त्या राज्याची चाकरी करूनही आपण येथले नाही, ही ती सल. रणांगणावर ज्याला कोणी हरवू शकले नाही त्याला त्या एका जागी बोट लावून तो पाडतो.

आम्हाला ह्या नाटकातली जी गोष्ट सर्वांत अधिक शिकवून गेली ती टीकाकार फारशी सांगत नाहीत. दुसऱ्या अंकात कॅसिओची नोकरी जाते. तो रडतो की माझी अब्रू गेली. तेव्हा आयागो त्याला समजावतो की अब्रू म्हणजे पोकळ वस्तू. फुकट मिळते, फुकट जाते. तिसऱ्या अंकात हाच मनुष्य ऑथेल्लोला सांगतो की पैसा चोरला तर कचरा चोरला, पण माणसाचे नाव म्हणजे त्याच्या जिवाचा ऐवज. दोन्ही वाक्ये ऐकावयास सुंदर आहेत. दोन्हींवर टाळ्या पडाव्यात अशी आहेत. फक्त ती दोन वेगळ्या माणसांना, दोन वेगळ्या कोपऱ्यांत सांगितली आहेत. कॅसिओ व ऑथेल्लो एका खोलीत असते तर आयागोला ह्यातले एक वाक्य गिळावे लागले असते.

मध्येच ऑथेल्लो भडकतो, त्याची मानगूट धरतो आणि म्हणतो, पुरावा दाखव. येथे दुसरा कोणी असता तर घाबरला असता. आयागो दुखावला जातो! म्हणतो, ह्या जगात प्रामाणिकपणाने वागणे म्हणजे संकटच. आजपासून मित्राची काळजी करणे सोडले. आणि सेनापतीच विरघळतो, नको, थांब म्हणतो. पुरावा मागणाऱ्यालाच अपराधी वाटावयास लावणे ही फार वरच्या दर्जाची कला आहे. प्रत्यक्ष पुरावा कसा मिळणार, असे म्हणून तो मग कॅसिओच्या झोपेतल्या बडबडीची गोष्ट सांगतो, रुमालाची गोष्ट सांगतो. एक रुमाल! शेवटी ऑथेल्लो कॅसिओला मारण्याची आज्ञा देतो. आयागो म्हणतो, आपण म्हणता म्हणून तो मेलाच समजा. पण तिला जगू द्या. तोपर्यंत तिला मारावयाचे असे ऑथेल्लो त्याच्याशी ठरवून बोललेलाच नसतो. दयेची विनंती करून त्याने खुनाची सूचना केली. आमच्या वाचनात कपटाचे याहून बारीक उदाहरण नाही.

आता हे सर्व व्हेनिस-सायप्रसमध्ये घडते, अकोल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. ऐका. आमच्या भागातल्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात, नाव सांगत नाही, बोनसची बोलणी चालली होती. युनियनचे दोन आधार. एक गठाण बांधणाऱ्यांचा पुढारी, दुसरा रेजांच्या बाजूने बोलणारा. वीस वर्षांचे जोडीदार, एकमेकांच्या घरच्या लग्नकार्यात राबलेले. एक मुकादम संध्याकाळी पहिल्याला भेटला आणि म्हणाला, "मी काई म्हनत नाई भाऊ, पन तो परवा हापिसात चा पिऊन रायला होता." बस्स, एवढेच. ही गोष्ट खरी होती. दुसरा गडी एका विधवा रेजेच्या भविष्यनिर्वाह निधीचा कागद आणावयास गेला होता आणि कारकुनाने चहा पुढे केला होता. पहिल्याने विचारले, "कायले गेलता?" मुकादम म्हणाला, "आता ते मले कसं माहीत, राजेहो? तुमचा दोस्त हाये, तुमालेच सांगन." तिकडे दुसऱ्याच्या कानावरही असेच काही घातले गेले. चार दिवसांत दोघे बोलेनासे झाले. वाटाघाटीच्या बैठकीला एक आला नाही, कामगार दोन गटांत बसले, आणि बोनस मिळाला तो मागणीच्या निम्म्याहून कमी. दुसरा गडी पुढल्या हंगामाच्या आधी बायकापोरांसह सुरतेकडे निघून गेला. मुकादमाला शेक्सपिअर ठाऊक असण्याची शक्यता नाही. पण ती पाठ्यपुस्तके नसतानाही चालणारी विद्या आहे. आपल्या भाषेत तिला कान भरणे, काडी लावणे, पाचर मारणे अशी किती नावे आहेत ती मोजून पाहा.

कीर्तनात मंथरेची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. वाल्मीकीची कैकेयी रामाच्या अभिषेकाची बातमी ऐकून प्रथम आनंदून जाते आणि मंथरेला दागिना देते. तो मंथरा फेकून देते. मग ती सांगते की भरताला नेमका आताच आजोळी का ठेवला आहे. भरत आजोळी होता, हे खरेच होते! पुन्हा तोच खरा मणी, तोच पदरचा दोरा. आणि हेही संभाषण महालात, दोघींतच.

देवलांची एक गंमत येथे सांगितली पाहिजे. ज्यांनी 'झुंझारराव' लिहिला त्यांनीच १८९३ साली 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' लिहिले. १९१६ साली त्याचे संगीत रूप झाले ते आपले लाडके 'संशयकल्लोळ'. ह्याचे मूळ फिरत फिरत फ्रेंच नाटककार मोलिएरपर्यंत जाते. तेथे रुमाल, येथे तसबीर. तेथे नवरा संशयी, येथे फाल्गुनराव त्याहून संशयी, आणि कृत्तिका त्याच्याहून वरचढ. तरी एका नाटकाच्या शेवटी शय्येवर प्रेत पडते आणि दुसऱ्यात आपण पोट धरून हसतो. असे का? आम्हाला वाटते, 'संशयकल्लोळा'त आयागो नाही. फाल्गुनराव आपला संशय पोटात ठेवतच नाही. तो तो ओरडून सांगतो, भांडतो, दुसऱ्याच्या घरी जाऊन वाद घालतो, आणि सगळी पात्रे कधी ना कधी समोरासमोर येतातच. मग घोटाळा टिकणार कसा? ऑथेल्लोने असाच आरडाओरडा करून कॅसिओला समोर बोलावले असते, तर पाच अंकांचे नाटक तिसऱ्यातच संपले असते, आणि कदाचित ते विनोदी ठरले असते.

आता तळीराम. राम गणेश गडकऱ्यांचे अखेरचे दिवस आपल्या विदर्भातच, सावनेरला गेले. २३ जानेवारी १९१९ रोजी ते तेथे वारले आणि त्यानंतर त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने 'एकच प्याला' रंगभूमीवर आणला. सुधाकर हा हुशार, मानी वकील. कोर्टातल्या अपमानाने त्याची सनद काही काळ बंद होते आणि त्या जखमेवर तळीराम प्याला धरतो. त्याच्या बोलण्यातले मर्म नाटकाच्या नावातच आहे. दारू पी, असे त्याने म्हटले असते तर सुधाकराने त्याला हाकलून दिले असते. तो मागतो एक प्याला. तोही औषध म्हणून, दुःखाचा विसर पडावा म्हणून. मागणी इतकी लहान की नाही म्हणण्याचीच लाज वाटावी. पगाराच्या संध्याकाळी हीच मागणी ऐकून किती पाकिटे घरी रिकामी पोचतात हे कामगारवस्तीतल्या कोणत्याही बाईला विचारा.

तळीरामाने आर्य मदिरामंडळ काढले आहे, ही गडकऱ्यांची आम्हाला विशेष आवडणारी खोड. व्यसनाला सभा आहे, सभासद आहेत, सुधारणेची भाषा आहे. आपल्या सार्वजनिक संस्थांची भाषा किती सहज उसनी घेता येते, हे त्यांनी हसत हसत दाखवून ठेवले. आम्ही संस्थावाल्यांनी तेथे जरा कमी हसावे. मात्र तळीराम आयागोच्या जातीचा नव्हे. आयागो दुसऱ्याला पाजतो व स्वतः शुद्धीवर राहतो. तळीराम स्वतः बुडालेला आहे, दारूनेच मरतो. त्याला सोबत हवी आहे. अशा माणसाच्या बोलण्यात कपटाचा वास येत नाही आणि म्हणून त्याला ओळखणे अधिक कठीण पडते.

येथवर आम्ही जणू असे म्हणत आलो की कोपऱ्यात बोलतो तो खल आणि सभेत बोलतो तो साधू. तसे असते तर आमच्यासारख्यांची फार सोय झाली असती. पण त्याच शेक्सपिअरचा 'ज्युलिअस सीझर' आडवा येतो. तेथे अँटनी भर चौकात, हजारोंसमोर बोलतो. कटवाल्यांची निंदा करावयाची नाही ही ब्रूटसची अट तो अक्षरशः पाळतो. त्यांना पुन्हा पुन्हा सन्माननीय म्हणतो आणि प्रत्येक वेळी तो शब्द जरा अधिक कुजतो. ही आपली व्याजस्तुती. मृत्युपत्र दाखवतो आणि वाचीत नाही. सीझरचा झगा उचलून कोणत्या भोकातून कोणाचा खंजीर गेला ते बोट ठेवून सांगतो. वस्तुतः खुनाच्या वेळी त्याला युक्तीने बाहेर नेलेले होते, त्याने काही पाहिलेलेच नाही. कोणीही विचारीत नाही, तुला कसे कळले? लोक इतके पेटतात की ज्या मृत्युपत्रासाठी ओरडत होते तेच ऐकावयाचे विसरून धावत सुटतात; अँटनीलाच त्यांना आठवण करून द्यावी लागते. नंतर हाच जमाव सिन्ना नावाच्या एका निरुपद्रवी कवीला, केवळ कटवाल्याचे नाव तेच म्हणून, फाडून काढतो.

अँटनी खलपुरुष की नाही, हा वाद पंडितांनी घालावा. आम्हाला तो प्रवेश वाचून गेट-मीटिंग आठवते. झगा दाखविणे आम्हालाही येते. यंत्रात बोट गेलेल्या पोराचा हात आम्हीही सभेत वर करून दाखविला आहे. आमच्यात आणि अँटनीत फरक कोठे, ह्याचा आम्ही बराच विचार केला. अँटनीचा विषय खरा होता, सीझर खरोखर मारला गेला होता. म्हणजे केवळ खरेपणाने सुटका होत नाही. आमच्या मते त्या चौकातली चूक ब्रूटसची. त्याने आपले भाषण केले, आणि अँटनीचे ऐका असे लोकांना सांगून तो निघून गेला. प्रश्न विचारणारा, उत्तर देणारा कोणी उरला नाही. म्हणून आमच्या सभांत एक पद्धत ठेवली आहे. मालकाचा देकार, मग तो कितीही अपुरा असो, आधी संपूर्ण वाचून दाखवावयाचा. त्याच्या बाजूने बोलणाऱ्यास बोलू द्यावयाचे. आणि मतदान त्यानंतर. भाषणाचा जोर त्याने कमी होतो, ही तक्रार आमचे तरुण कार्यकर्ते करतात आणि ती खरी आहे. एखाद्या सहकाऱ्याविषयी जे सांगावयाचे ते त्याच्या देखत सांगावे, हीही पद्धत सुरतेला गेलेल्या त्या गड्याच्या प्रकरणानंतर पडली. तिने चहाड्या बंद झाल्या असे नाही, पण चहाडी सांगावयास येणाऱ्याला "थांब, त्यालेच बोलावतो" म्हटले की बहुतेकांना घरची कामे आठवतात.

'ऑथेल्लो'च्या शेवटच्या प्रवेशातही असेच होते. डेस्डेमोना मेलेली आहे. खोलीत अधिकारी जमले आहेत, ऑथेल्लो आहे, आयागो आहे, आणि आयागोची बायको एमिलिया आहे. रुमाल तिनेच उचलून नवऱ्याला दिला होता. तो कशासाठी हवा होता ते तिला तेव्हा ठाऊक नव्हते. सबंध नाटकात सर्व संबंधित माणसे एकत्र उभी आहेत आणि मूळ मुद्दा मोठ्याने बोलला जात आहे, असे येथे प्रथमच घडते. आयागोला ते तत्काळ कळते. तो तिला गप्प राहावयास सांगतो, घरी जा म्हणतो. नवऱ्याचे ऐकणे योग्य, पण आता नाही, असे म्हणून ती सर्वांदेखत बोलते. इतके अंक विणलेले जाळे तिच्या थोडक्या वाक्यांत सुटते. आयागो तिला भोसकतो. मग, का केलेस हे असे, म्हणून त्याला विचारतात. पाच अंकांत ज्याची जीभ थांबली नाही तो सांगतो की यापुढे मी एक शब्दही बोलणार नाही. हजर असलेल्यांपैकी एकजण म्हणतो, छळ झाला की उघडेल तोंड. पण नाटक संपेपर्यंत ते उघडत नाही.